खोक्यावरचं नाव

अल-अरीश, २८ जुलै

ताई,

सलाम. कशी आहेस असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारलं. उत्तर देऊ नकोस.

फोन लागतो आणि तू 'हॅलो' म्हणेपर्यंत तुटतो. म्हणून तू सांगितलंस तसं लिहितोय आणि त्याचा फोटो पाठवतोय. तुझ्याकडे रेंज येईल तेव्हा पोचेल. हस. सहावीत मी वर्गाच्या खिडकीतून पळालो तेव्हा तू म्हणाली होतीस, एक दिवस लिहावं लागेल गाढवा, तेव्हा माझी आठवण काढशील. काढली. कागद नाही, खोक्याचा पुठ्ठा आहे.

कैरोचं काम सोडलं. तीन वर्षं लोकांच्या न्हाणीघरात फरशा बसवल्या. शेवटी शेवटी हात चालेना, फरशी हातात धरून नुसताच बसायचो. मालक म्हणाला, "तिथे सीमेवर जाऊन काय करणार आहेस? ओझी उचलणार?" म्हटलं, हो, ओझीच उचलणार. आता इथे गोदामात आहे. तुमच्याकडे येणारे ट्रक भरतो. पीठ, डाळ, डबे. मुकादम शिबली सिनाईचा आहे, माणूस बरा. म्हणतो, "सुफयान, तू खोकं असं उचलतोस जणू स्वतःच घेऊन पळणार आहेस."

खोटं नाही ते. इथून तुझ्यापर्यंत गाडीने दीड तास. वारा तिकडचा असला की धमाका इथे कळतो, गोदामाचा पत्रा हलतो. मी ट्रक भरतो, ट्रक रांगेत जाऊन उभा राहतो, मग तपासणी. पुढचं आम्हाला कोणी सांगत नाही.

काय हवं ते लिही. सगळंच हवं हे माहीत आहे. एक लिही.

मयसाला मामाचा पापा. नऊ वर्षांची झाली ना? की दहा?

सुफयान


दैर अल-बलह, तंबूतून, २ ऑगस्ट

सुफयान,

दहा. आणि अक्षर अजून तसंच आहे तुझं, कोंबडी चालून गेल्यासारखं. तरी वाचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मयसाला वाचून दाखवलं.

आम्ही पाण्याच्या मोठ्या टाकीमागे आहोत. मयसाच्या बाबांचा खांदा अजून वर जात नाही, पण पाणी आणतात दुसऱ्या हाताने. जेवण म्हणजे मॅकरोनी दळून तिची भाकरी. पिठाची चव विसरले आहे, म्हणून चालते.

माझ्याकडे एक पाहुणी आहे. अकरा दिवसांची. तिच्या आईचं बाळंतपण मीच केलं, रक्त थांबलं नाही. बाप पीठ आणायला गेला होता, त्याला बायको गेल्याचं कळलेलंच नाही, कारण तो परत आला नाही. सातव्या दिवशी नाव ठेवायचं असतं. बायका म्हणाल्या ठेव तूच. मी नाही ठेवलं. नाव बापाकडचं. तो आला तर काय सांगू, तुझ्या मुलीचं नाव मी उरकून टाकलं? म्हणून पाहुणी म्हणतो.

दूध नाही. डब्याचं म्हणतेय. दवाखान्यात शेवटचा डबा होता, तो त्यांनी काचेच्या पेटीतल्या बाळांसाठी ठेवला, ठीकच केलं. मी तिला पाण्यात साखर देतेय, साखर संपेपर्यंत.

एक लिही म्हणालास. दूध. बाकी काही नाही.

महिन्यात एकोणीस बाळंतपणं झाली. माझी कात्री तिसऱ्यांदा तंबू हलवला तेव्हा राहिली. आता दाढीचं पातं डब्यात उकळते आणि नाळ कापते. पात्याला धार आहे तोवर बरं. हे तुला आपलं सांगितलं, मागितलं नाही.

मयसाची आई


अल-अरीश, ६ ऑगस्ट

ताई,

ऐक. आज दुधाचा ट्रक भरला. अख्खा. लहान बाळांच्या दुधाचे डबे, खोक्यात बारा, किती खोकी ते मोजायचं सोडून दिलं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागली. दोन ताटं बाकल्याच्या दाण्यांचं फूल खाल्लं, शिबली म्हणाला, "अरे, भांडं तरी ठेव."

ड्रायव्हरचं नाव मसऊद. इस्मायलियाचा. त्याला मी चहा पाजला आणि सांगितलं, हा ट्रक माझ्या बहिणीकडे चाललाय. तो म्हणाला, "प्रत्येक जण मला हेच सांगतो. तुम्हा लोकांना बहिणी तरी किती रे?"

एक गंमत पाठवली आहे. सांगत नाही. तुझ्या नावाने आहे. आजी खान युनिसहून आत्याला पेरू पाठवायची आठवतं? टॅक्सीवाल्याच्या हातात पिशवी, आणि पत्ता काय, तर 'शिंप्याच्या शेजारची नईमा'. पोचायचे. एक पेरू कमी नाही. दैरमध्ये इतिदाल दाई कोणाला माहीत नाही? अर्धं दैर तुझ्या हातावर जन्मलंय.

पाहुणीला सांग, दूध निघालं.

सुफयान


दैर अल-बलह, ११ ऑगस्ट

सुफयान,

बाटली उकळून, फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. रोज उघडते, रोज पुन्हा उकळते. मयसा म्हणते, आई, तू बाटलीच शिजवणार.

साखर संपली. म्हणून आता दारोदार जाते. दार कसलं, पडदा. ज्यांच्या अंगावर पिणारं बाळ आहे अशांकडे पाहुणीला घेऊन जाते. आज चौघी झाल्या. हनीन, शाहिनाज, रिबहीची आई आणि पलीकडच्या रांगेतली एक मुलगी, आयात, तिचंच वय सतरा. कोणाला नाही म्हणवत नाही आणि कोणाकडे पुरेसं दूधही नाही. स्वतःच डाळीच्या पाण्यावर आहेत.

मी वहीत यादी करतेय. कोणी पाजलं, किती वेळा, तिची मुलं कोणती. तुला माहीत आहे ना, पाच वेळा पोटभर पाजलं की ती आई झाली आणि तिची मुलं भावंडं. पुढे त्यांच्यात लग्न चालत नाही. शाहिनाजचा मुलगा चार महिन्यांचा. ती म्हणाली, "ए दाई, आणि माझ्या अज़ीज़ला उद्या हीच आवडली तर?"

मी म्हटलं, "वही दाखवीन."

"वही हरवली तर?"

"तर तू सांग."

"मी नसले तर?"

मग दोघीही हसलो. पोटभर कशाला म्हणायचं हाही प्रश्न आहे. म्हाताऱ्या शेखना विचारलं. ते म्हणाले, बाळ स्वतःहून सोडेल ते पोटभर. पण ही सोडतच नाही, दूध आधी संपतं. ते म्हणाले, लिहून ठेव तरी.

ती गंमत काय आहे? सुफयान, मला सांग. खाण्याची वस्तू आहे की दुसरी काही? आत्ता सांग.

इतिदाल


अल-अरीश, १६ ऑगस्ट

ताई,

ट्रक रांगेत आहे. रांग लांब आहे. ऊन फार आहे. ड्रायव्हर ट्रकखाली झोपतात.

गंमत काही नव्हती. हलव्याची वडी होती मयसासाठी, ती पण मीच परत काढून खाल्ली. तू एवढी मनावर घेतेस म्हणून सांगितलं.

काम चालू आहे. काल डाळ, आज डाळ. शिबलीच्या हातात फोड आलाय. इथे समुद्र आहे, तुमचाच. मी जात नाही तिकडे.

आणखी काही नाही. पाहुणीच्या यादीत किती झाल्या ते कळव.

सुफयान


दैर अल-बलह, २० ऑगस्ट

सुफयान,

सात झाल्या. सातजणींचं मिळून एका बाटलीएवढं होत नाही, पण सात झाल्या. हनीनचं पाच वेळा पूर्ण झालं, ती पहिली आई. शाहिनाजचं तीन. रिबहीची आई म्हणते माझं मोजू नकोस, माझ्याकडे नुसतं चोखायला मिळतं. मी मोजते.

पाहुणीचं रडणं कमी झालंय. मला ते आवडत नाही. रडणारं बाळ बरं असतं, हे मी बायकांना वीस वर्षं सांगत आले.

दुधाचा ट्रक परत गेला असं इथे बोलतात. इथे बातमीला रेंज लागत नाही. कोणी म्हणतं कागद चुकले, कोणी म्हणतं डब्यांचा रंग आवडला नाही. तुला काही कळलं का?

कळलं असेल तर लिही. नसेल कळलं तर राहू दे.

इतिदाल


अल-अरीश, २३ ऑगस्ट

ताई,

हलवा नव्हता. कात्री होती.

इथे पेठेत एक जुना दुकानदार आहे, डॉक्टरांचं सामान ठेवतो. त्याला म्हटलं नाळ कापायची कात्री. त्याने अशी काढली, वाकडी, बोटभर, चकचकीत. मी ती फडक्यात गुंडाळून दुधाच्या डब्यांमध्ये ठेवली आणि खोक्यावर काळ्या मार्करने लिहिलं, दाई इतिदाल, दैर, पाण्याच्या मोठ्या टाकीमागे. मोठ्या अक्षरात. मला वाटलं, उतरवणारे वाचतील आणि बाजूला काढून देतील. आजीचे पेरू.

तपासणीच्या पडद्यावर धातू दिसला. मग खोकं उघडलं, मग नाव दिसलं, मग कोणाचं नाव, कोणी लिहिलं, आणखी कशात काय आहे. मसऊद आठ तास उभा होता. मग सांगितलं, अख्खा ट्रक परत. खोकं नाही, ट्रक. पुन्हा रांगेत घेतला नाही. मागे वाळूत सहा दिवस उभा होता.

मी तुला रांगेत आहे लिहिलं तेव्हा तो इथे आमच्या फाटकात उभा होता. त्याच दिवशी सकाळी आला. तो मीच उतरवला. माझ्याच पाळीला आला. डबे हाताला चटके देत होते. शिबलीने एक उघडला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. दुसरा उघडला. मग म्हणाला, "सगळे मागच्या शेडमध्ये ठेवा. परतीच्या मालात." तिथे आधीच पुष्कळ माल आहे. कुबड्या आहेत, ऑक्सिजनच्या नळकांड्या आहेत, तंबूच्या दांड्या आहेत. आता दूध आहे.

खोकं सापडलं. कात्री त्यात नव्हती, नाव होतं. शिबलीने वाचलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने त्यावर दुसरं खोकं ठेवलं.

मसऊद मला म्हणाला, "माहीत नाही कोणी केलं. पण कोणातरी शहाण्याला बहीण आहे." मी म्हटलं, हो.

मारायचं तर मार. शिव्या दे. कागदावर मावतील तेवढ्या.

सुफयान


दैर अल-बलह, ४ सप्टेंबर

सुफयान,

पाहुणी २९ ऑगस्टला गेली. सकाळी, दहाच्या सुमारास. हनीनकडे होती. आधी जुलाब, मग ताप, मग काही नाही. हनीनला वाटलं झोपली.

मातीला न्यायच्या वेळी मयसाच्या बाबांनी विचारलं, दगडावर काय लिहू. सिमेंटचा तुकडा आहे, दगड कुठला. हनीन म्हणाली, काही लिहू नका, बाप आला तर तो लिहील. तुकडा कोरा ठेवला. मी जागा लक्षात ठेवली आहे, तारेच्या कुंपणापासून चौथी.

तीन दिवस बायका बसल्या. कडू कॉफी द्यायची पद्धत, तर डाळ भाजून, कुटून तिचं काळं पाणी केलं. मला वाटलं मी एकटीच बसणार, तिचं होतं कोण? पण सातही जणी आल्या आणि आईच्या जागी बसल्या. ओळीने. ज्यांचं पाच वेळा झालं त्याही आणि ज्यांचं नाही झालं त्याही. रिबहीची आईसुद्धा. भेटायला येणाऱ्यांना कळेना कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायचं. एका म्हातारीने विचारलं, "आई कोण ग?" सातही जणींनी मान वर केली, आणि मग ती सगळ्यांना भेटली, एकेकीला, सात वेळा तेच म्हणाली.

आता तुझं. मला तुझ्या पत्राआधीच माहीत होतं. ११ तारखेला मी गंमत काय आहे विचारलं तेव्हा भीती होती, पंधराला कळलं. सीमेवर आपल्या बाजूने माल घेणाऱ्यांत रिबहीच्या आईचा भाचा आहे. त्याने सांगितलं, कात्री सापडली, खोक्यावर दैरच्या दाईचं नाव होतं, टाकीचा पत्तासुद्धा होता. सगळ्या तंबूंना कळलं. दुधाची वाट बघणारी मी एकटी नव्हते.

रिबहीची आई आली, मागे बाकीच्या. म्हणाली, "नाव तुझंच ना?"

"माझंच."

"कात्री मागितलीस?"

"मागितली नाही. पण लिहिली होती."

"कोणाला?"

"भावाला."

शाहिनाज जमिनीकडे बघत होती. तिच्या अज़ीज़लाही ते डबे हवे होते. मला वाटलं आता या पडदा लावून घेतील, आणि मी पाहुणीला घेऊन कुठल्या रांगेत जाऊ. मग हनीनने हात पुढे केला, "आण ती इकडे. तिची वेळ झाली."

एवढंच. त्या दिवशीपर्यंत यादीत चार नावं होती. सात झाल्या त्या त्यानंतर.

मी तुला माफ केलं असं लिहीत नाही. रागावलेही नाही. दोन्हीला अंगात काही लागतं, ते सध्या माझ्याकडे नाही. कात्रीबद्दल मी लिहिलं होतं. ती ओळ मी लिहिली नसती तर असा विचार करायला बसले होते, मग बाळंतपण आलं, मुलगा झाला, पात्याने कापली नाळ.

खोक्यात काही ठेवू नकोस. दुसऱ्यालाही ठेवू देऊ नकोस. मग कोणीही असो.

कागद संपले. यादीचं आता काम नाही, म्हणून हे त्याच पानाच्या मागे लिहिलं.

इतिदाल


अल-अरीश, १२ सप्टेंबर

ताई,

फोटो पोचला. कागद पातळ आहे, मागची नावं उलटी दिसतात. मी फोन आरशासमोर धरला आणि वाचली. सातही वाचली. आकडेही वाचले. हनीन नऊ.

त्यानंतर आठ दिवस लिहिलं नाही. काय करत होतो म्हणशील तर काहीच नाही. काम केलं. जेवलो. शिबली म्हणाला, "तू पूर्वी बडबडायचास." म्हटलं, हो.

मी त्याला सांगून भरायच्या जागी माल तपासायचं काम मागून घेतलं आहे. खोकं ट्रकवर चढायच्या आधी माझ्या हातून जातं. मी हात घालून बघतो, गोणी दाबून बघतो. तीन दिवसांत काय काय निघालं सांगतो. केसांची पिन. आगपेटी. एक किल्लीची साखळी. एका पाकिटावर 'बाबांना' असं लिहिलेलं होतं. ठेवणारे सगळे आपलेच, रफाहचे, खान युनिसचे, माझ्यासारखे इथे अडकलेले. माझ्याबरोबर आता कोणी चहा घेत नाही.

आज अबू शौकी. साठीचा आहे, रफाहचा, माझ्या शेजारी झोपतो. त्याने पिठाच्या गोणीची शिलाई उसवून आत चष्मा घातला होता आणि पुन्हा शिवली होती, छान शिवली होती. मी गोणी दाबली तर हाताला लागला.

म्हटलं, "काढा काका."

"काच आहे रे. धातू नाही."

"दांड्या?"

"प्लॅस्टिकच्या. मुद्दाम बघून घेतल्या."

"आणि स्क्रू?"

त्याने गोणीवर हात ठेवला.

"दोन असतात," मी म्हटलं.

"एवढुसे असतात." त्याने बोटांनी दाखवलं. मग म्हणाला, "माझ्या बहिणीला काही म्हणजे काही दिसत नाही रे. पाण्याच्या रांगेत पोरं तिचा हात धरून नेतात. तुला बहीण नाही का?"

"आहे."

"मग?"

मी शिलाई उसवली. चष्मा काढला, पीठ झटकलं, त्याच्या हातात दिला. त्याने घेतला नाही, म्हणून त्याच्या खिशात ठेवला. गोणी शिवायला मला त्याच्यासारखं जमलं नाही, टाके वाकडे आले. पण घट्ट आहेत.

ट्रक दुपारी गेला. मसऊदच घेऊन गेला. त्याने विचारलं, "कुणाच्या बहिणीला काही सांगायचं आहे का?" मी ट्रकची मागची फळी लावली.

ट्रक पोचला तर बघ. त्यात पीठ आहे. पिठाशिवाय काही नाही.

सुफयान